किल्लीवाल्यांचा वन्स मोअर

किल्लीवाल्यांचा आवाज मोठा होता, यात त्यांचा काही दोष नव्हता. खुराड्याएवढ्या दुकानात किल्ल्या घासायचं यंत्र दिवसभर किंचाळायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं तर त्याच्या वरताण बोलावं लागायचं. घरी यांनी मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहते, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगे. पण नाट्यगृहात हाच आवाज भाव खाऊन जायचा. गाणं रंगलं की किल्लीवाले मधल्या रांगेतून असा काही 'वन्स मोअर' ठोकत, की गाणाऱ्याची पुन्हा गायल्याशिवाय सुटका नसे. एका संगीत नाटकात तर त्यांनी विष पिऊन आडवी झालेली नायिका उठवली होती. बिचारी गाणं पुन्हा म्हणाली आणि रिकामा पेला पुन्हा एकदा प्यायली. ही गोष्ट सांगत सांगत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

आता तेच नाटक इतक्या वर्षांनी पुन्हा उभं राहत होतं आणि विष पिणार होती त्यांची सून.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. "बाबा, माझं एक ऐकाल? उद्या शेवटच्या गाण्याला वन्स मोअर देऊ नका."

किल्लीवाल्यांचा घास हातातच राहिला.

"दिग्दर्शकांनी सगळं बदललंय," ती म्हणाली. "रंगवलेले पडदे नाहीत, महाल नाही. वादक मागे, अंधारात. रंगमंचावर नुसतं एक दार आणि एक दिवा. गाणं संपता संपता दिवा विझतो आणि मग काहीच नाही. ती शांतताच हवीय त्यांना. कुणी मध्येच ओरडलं तर सगळ्यावर पाणी पडेल."

"आणि गाणं आवडलं तर माणसानं करायचं काय? तोंडात बोळा कोंबून बसायचं?"

"माणसांची काळजी नाही मला. तुमची आहे."

बायको फिसकन हसली. किल्लीवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि शब्द देऊन टाकला.

शब्द दिला खरा, पण दुसऱ्या दिवशी जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळीच दोन किल्ल्या बिघडवल्या, एकाचं कुलूप दुसऱ्याच्या हातात दिलं आणि शेवटी भर दुपारी दुकान बंद करून घरात येरझारा घालत बसले. नाट्यगृहात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, तरी चुळबुळ चालूच. चष्मा पुसला, बूट सैल केले, पुन्हा घट्ट केले. समोर ते दार एकटंच उभं. "भिंती बांधणारे गवंडी अजून आले नाहीत वाटतं," ते आपल्या समजुतीनं हळूच म्हणाले आणि पुढच्या तीन रांगा हसल्या.

नाटक सुरू झालं. पूर्वीची नायिका पुढे येऊन, प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून गायची. सून कपड्यांच्या घड्या घालता घालता गायला लागली, तीही अर्धी पाठ करून.

"लोक काय पाठ बघायला आलेत?" किल्लीवाले पुटपुटले.

बायकोनं कोपर मारलं. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर लोक खुर्चीत पुढे सरकून बसले होते. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. हे त्यांना आवडलं की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

शेवटचं गाणं आलं तसा त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. बायकोनं खबरदारी म्हणून मनगट पकडलं. त्यांची नजर दिव्यावर खिळली होती. बारीक झाला. अजून बारीक झाला. आता ओठ मीट, आता श्वास धर, आता काही झालं तरी हूं की चूं नाही. दिवा विझला. अंधारात एवढी माणसं बसलेली आणि आवाज म्हणून नाही. किल्लीवाले घामाघूम झाले होते, पण शब्द पाळला होता.

नाटक संपल्यावर ते बायकोला घेऊन रंगपटात गेले. सून आरशासमोर बसून कापसानं चेहरा पुसत होती.

"एक शब्द काढला नाही मी," ते छाती पुढे काढून म्हणाले.

"ते कळलं. गाणं कसं झालं?"

किल्लीवाले हातातल्या रुमालाची घडी घालायला लागले. गाण्याच्या बाबतीत ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

सून आरशातूनच त्यांच्याकडे बघत राहिली. "नको म्हणाले मीच," ती म्हणाली. "पण दिवा विझल्यावर मी वाट बघत होते, बाबा. म्हटलं, खरंच रंगलं असेल तर तुम्हाला राहवणार नाही."

गाणं रंगलं होतं की पडलं होतं, हे किल्लीवाल्यांना ठाऊकच नव्हतं.

"मी ऐकलंच नाही गं," ते म्हणाले. "तोंड सांभाळत बसलो. कान तुझ्याकडे आलेच नाहीत."

"मी ऐकलं," बायको म्हणाली. "पण मला कोण विचारतंय."

किल्लीवाल्यांनी दार लोटून घेतलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सुनेसमोर हात जोडून बसले. मग बाहेरच्या माणसाला ऐकू जाणार नाही, इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "वन्स मोअर."

सुनेनं हातातला कापूस खाली ठेवला.