वानखेडेचा कोरडा खोकला

“सोमवारी त्याच्या प्रोबेशनचा रिव्ह्यू आहे, मॅडम. फिट की अनफिट, तेवढं लिहून द्या,” एचआरचे सरदेसाई उभ्या उभ्याच म्हणाले.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी तेव्हा आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर म्हणून जायचे. प्रश्न वानखेडेचा होता. यवतमाळकडचा, घरातला पहिलाच इंजिनिअर. काम फोनवर क्लायंटशी बोलायचं, आणि तीन वाक्यांनंतर खोकला ठरलेला. क्लायंटने तक्रार केली होती. शेजारच्यांनी खुर्च्या लांब सरकवल्या होत्या.

“टीबी असेल तर आत्ताच सांगा.”

“नाहीये. एक्स-रे, थुंकी, सगळं तपासलंय. दमा आहे.”

“दमा? धाप तर लागत नाही त्याला.”

दमा म्हणजे धाप आणि छातीत घरघर, असंच सगळ्यांना वाटतं. काहींना मात्र नुसता कोरडा खोकला येतो. श्वासनळ्या आतून सुजून हुळहुळ्या झालेल्या असतात. धूळ, धूर, थंड हवा, मोठ्याने हसणं, कशानेही त्या आकसतात आणि उबळ येते, पहाटे जास्त. खोकल्याच्या सिरपने ही सूज उतरत नाही. ती उतरवणारं औषध श्वासावाटे घ्यावं लागतं. रोज, आणि बरं वाटलं तरी.

म्हणून मी त्याला पंप दिला होता, कॅप्सूलवाला. कॅप्सूल छोट्या यंत्रात घालायची, यंत्र फिरवलं की ती फुटते, मग आतली पावडर तोंडाने ओढायची. शिवाय त्याचं टेबल एसीच्या झोताखालून हलवलं. रूमवरची मच्छर अगरबत्ती बंद करवली. सहा आठवडे झाले. मधे डोस वाढवला. खोकला जिथल्या तिथे.

माझी चिडचिड होत होती. निदानच चुकलं की काय? बाहेर पेशंट थांबलेले, सरदेसाई सारखे घड्याळ बघतायत. ‘फोनच्या कामासाठी अनफिट’ असं लिहायला मी पेन उघडलंसुद्धा. मग म्हटलं, एकदा त्याला बोलवावं.

“औषध रोज घेतोस?”

“घेतो ना जी. एक बी दिवस चुकवला नाही.”

“घेऊन दाखव.” हे मी शहाणपणाने नाही, वैतागून म्हणाले.

त्याने खिशातून कॅप्सूल काढली आणि टेबलावर काहीतरी शोधू लागला.

“मॅडम, थोडं पाणी मिळेल का?”

“पाणी कशाला?”

“गिळायला.”

“आणि यंत्र?”

“रूमवर आहे. बॅगेत.” त्याने मान खाली घातली. “आई म्हणे, पंपाची एकदा सवय लागली का मंग सुटत नाही. म्हणून नुसत्या कॅप्सूल घेतो. औषध तर तेच ना जी?”

औषध तेच, पण पोटात गेलेलं. श्वासनळ्यांपर्यंत काही पोचतच नव्हतं. वाढवलेला डोसही असाच पाण्याबरोबर गेला होता. त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण लाज माझी मलाच वाटली. यंत्र कसं वापरायचं ते नर्सने त्याला सांगितलं होतं. मी एकदाही पाहिलं नव्हतं.

“सवय दारूची लागते. हे सुजेचं औषध आहे,” मी म्हणाले आणि कपाटातलं नमुन्याचं यंत्र काढलं. श्वास पूर्ण सोड. जोरात ओढ. दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धर. मग चूळ भर. तिसऱ्या खेपेला जमलं.

फॉर्मवर लिहिलं: ‘फिट. उपचार चालू. महिन्याने फेरतपासणी.’

“आणि महिन्यात नाही बरा झाला तर?” सरदेसाईंनी विचारलं.

“तर माझं कॉन्ट्रॅक्ट रद्द करा.”

म्हणाले खरी, पण तो महिना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कंपनीत शिरले की आधी त्याच्या फ्लोअरवर जाऊन कान देऊन उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात त्याला क्लायंटशी सलग दहा मिनिटं न खोकता बोलताना ऐकलं. पुढच्या महिन्यात कन्फर्म झाला.

तेव्हापासून ‘औषध घेता का’ असं मी कुणालाच विचारत नाही. घेऊन दाखवा म्हणते. वानखेडेची नोकरी वाचली. पण त्याच्याआधी ज्यांच्या केसपेपरवर मी ‘पंपाने गुण नाही’ असा शेरा मारला, त्यांच्यापैकी एकालाही मी दाखवायला सांगितलं नव्हतं.