मास्तरांनी टाइप केलेलं गाव

आमच्या टायपिंगच्या मास्तरांचे कान कसले होते, देव जाणे. लोणावळ्याच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा क्लास होता. खाली गिरणी घरघरतेय, वर आम्ही सगळ्याजणी मशीनं बडवतोय आणि मास्तर आमच्याकडे पाठ करून खिडकीतून डोंगर बघत उभे. तशातच म्हणायचे, "कोपऱ्यातल्या मशीनवर एक स्पेस राहिली." कोपऱ्यात मी असायचे. कागद बघावा तर खरंच दोन शब्द एकमेकांना चिकटलेले! नुकती मॅट्रिक झालेली मी, कुणाला सहजासहजी मानणारी नव्हते. पण या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात गार झाले.

"प्रत्येक अक्षराला एकच घर" हे त्यांचं पालुपद. इंग्रजी मशीनवर काडीसारखा 'आय' आणि पसरट 'डब्ल्यू', दोघांना अगदी सारखी जागा. पहिला अख्खं घर अडवून एकटा उभा, दुसरा अंग चोरून बसलेला. मराठी मशीनवरच्या मात्रा आणि अनुस्वार म्हणजे पाहुणे. "यजमानाच्या डोक्यावर बसतात, पण वेगळं घर मागत नाहीत," असं म्हणून मास्तर स्वतःच हसायचे. आम्ही त्यांचं नाव 'घरवाले मास्तर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

स्पेसबारवर मात्र त्यांचा फार जीव. "मोकळी जागा आपोआप पडत नाही, ती टाइप करावी लागते. तिचंही घर असतं," असं बजावायचे. ते ऐकून आम्ही मान डोलवायचो आणि मागे वळून फिदीफिदी हसायचो. मग एके दुपारी त्यांनी कोरा कागद चढवला आणि नुसत्या एक्स, डॅश आणि स्पेसमधून घाट चढणारं इंजिन काढलं, धुरासकट! प्रत्येक खूण वरच्या खुणेच्या बरोब्बर खाली. आमचं हसणं तिथल्या तिथे थांबलं.

ते इंजिन क्लास झाडायला येणाऱ्या मावशीनेही पाहिलं. मावशी आतल्या मावळातली. तिच्या गावाखाली धरण बांधून होत आलं होतं आणि पाणी चढलं की गाव जाणार होतं. माणसांना जमिनी मिळणार होत्या, पण कुणाला कुठे, कुणाला कुठे. केरसुणी भिंतीला टेकवून ती म्हणाली, "मास्तर, गाव बुडाल्यावर कोन कुनाच्या शेजारी व्हतं, ह्ये नातवंडास्नी कोन सांगनार? तुमी हरेक अक्षराला घर देता न्हवं? मंग आमच्या घरांची अक्षरं करा की."

मास्तरांनी मशीनला कोरा कागद चढवला. मग म्हणाले, "सांगा मावशी. देवळापासून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी ती पदरात चिंचोके बांधून आली आणि तिने फरशीवर गाव मांडलं. हे देऊळ, हा ओढा, ही विहीर, हे जावेचं घर. चिंचोका ठेवताना त्या घरातल्या माणसांची नावं पुटपुटत होती. आम्ही मशीनं बंद करून भोवती बसलो. मास्तर टाइप करत गेले. घराला एक्स, झाडाला टी, विहिरीला ओ, देवळाला शिखरासारखा ए, ओढ्याला डॅश.

कागद उतरवला तेव्हा तो देखणा दिसत होता. घरं कशी ओळीत, एकाआड एक स्पेस. मावशीने त्यावरून देवळापासून ओढ्यापर्यंत बोट फिरवलं. "चांगलं हाय," अखेर म्हणाली, "पर आमचं न्हाई ह्ये. माझ्या दाराम्होरं खळं हाय. लय मोठं. तितं समदा गाव भात झोडायचा. तुमी तितं घरं बसवलीत."

मास्तरांचा चेहरा उतरला. चिंचोके वाकडेतिकडे होते, ते त्यांनी टायपिस्टच्या सवयीने सरळ करून टाकले होते. आम्हाला जन्मभर पुरेल इतकं स्पेसबारचं कौतुक ऐकवणारा माणूस नेमकं खळंच विसरला! त्यांनी नवा कागद घेतला, खाली कार्बन घातला आणि चष्मा सावरून फरशीवरच मावशीशेजारी मांडी घातली. एकेका मोकळ्या जागेचं विचारून घेतलं. मग उठून टाइप करू लागले, तेव्हा कितीतरी वेळ नुसता स्पेसबारच वाजत होता. त्यांना इतकं सावकाश टाइप करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

या वेळी मावशीचं बोट कागदाच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथे थांबलं. "व्हय," ती म्हणाली, "ह्ये माझं खळं." आणि पदर डोळ्यांना लावून रडली. त्या पावसाळ्यात पाणी चढलं. मावशी तो कागद घेऊन लेकाबरोबर दूर, मिळालेल्या जमिनीवर गेली ती पुन्हा दिसली नाही. कार्बनची प्रत मास्तरांनी क्लास बंद करताना माझ्या हातात ठेवली. "तुझ्या स्पेस राहतात," म्हणाले, "म्हणून तुलाच देतोय." आता मास्तरही नाहीत.

तो कागद फार पुसट झाला, म्हणून परवा मी घरच्या कॉम्प्युटरवर गाव उतरवायला बसले. एकही स्पेस चुकवली नाही, तरी पडद्यावर सगळा घोळ. मोकळ्या जागा आवळून घरं एका कडेला गोळा झालेली, विहीर जावेच्या घरात, आणि खळं तर कुठेच नाही. गाव माझ्या हातून पुन्हा बुडालं असं वाटलं.

सून डोकावून म्हणाली, "आई, या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, आणि स्पेस तर अगदी बारीक. टाइपरायटरसारखा सारख्या रुंदीचा लावून देते." तिने एक बटण दाबलं.

सगळी घरं सरकून आपापल्या जागी गेली. ओढा सरळ झाला, विहीर बाहेर आली आणि मावशीच्या दारापुढचं खळं लख्ख उघडलं. सून केव्हाच स्वयंपाकघरात परतली. मी मात्र तशीच बसून राहिले, खिडकीकडे तोंड करून उभं असलेलं कुणीतरी "आता बरोबर" म्हणेल म्हणून.