अल्फा-सिन्युक्लीन आणि आमची शनिवारची मंडळी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीच ती माणसं दर शनिवारी एका हॉलमध्ये व्यायाम करून कॉफीला बसली, की ते आपोआप साठत जातात. आमची मंडळी बेंगळुरात मल्लेश्वरमला जमते. कुणाला स्वतःला पार्किन्सन्स, कुणाच्या घरात. मी मूळची बेळगावची. इथल्या एका लॅबमध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रोटीनवर काम करते आणि शनिवारी या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. म्हणजे, द्यायचा प्रयत्न करते!

*

पहिल्याच दिवशी मी सगळं समजावून सांगितलं. "हे प्रोटीन तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मेंदूत असतं. पार्किन्सन्समध्ये त्याची घडी चुकते. चुकलेली प्रोटीन्स एकमेकांना चिकटून गोळे होतात, शेजारच्या चांगल्या प्रोटीनचीही घडी बिघडवतात, आणि हळूहळू पेशी मरत जातात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं!

पुढच्या शनिवारी मोहिते अण्णा आले ते रुसूनच. अण्णांचं घराणं कैक पिढ्या बेंगळुरातलं, मराठीत निम्मं कन्नड. "काय सांगितलीस ग तू आमच्या घरी? सांबारात डाळच नाही!"

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "प्रोटीनमुळं आजार, म्हटलीस. मग मी डाळ बंद केले."

मी घाईघाईनं खुलासा केला. ते प्रोटीन डाळीतून येत नाही, शरीरातच तयार होतं. फक्त अण्णांची पार्किन्सन्सची गोळी आणि डाळ एकदम पोटात नको, गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "म्हणजे डाळ चालते. गोळीनं थांबावं!"

*

कुलकर्णी काका पुण्याचे, आता इथं येलहंक्याला मुलीकडे राहतात. पुण्यात असताना एकदा काकू गॅसवर दूध ठेवून आंघोळीला गेल्या. काका शेजारीच पेपर वाचत बसलेले. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि काकांनी शांतपणे पान उलटलं! "लक्षच नसतं तुमचं घरात!" हे भांडण पुढं अनेक वर्षं चाललं.

एका शनिवारी मी सहज बोलून गेले, "काही जणांत हे गोळे आधी मेंदूच्या वासाच्या भागात होतात. हात थरथरायच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो."

काकूंनी कॉफीचा ग्लास खाली ठेवला. "मग इतकी वर्षं मी भांडत कोणाशी होते?"

"अल्फा-सिन्युक्लीनशी!" काका म्हणाले. "बोलणी मात्र मी खाल्ली."

*

याच काकांचा आवाज या आजारानं अगदी बारीक झालाय. कॅबवाल्याला फोनवर पत्ता सांगत होते. तिकडून ओरडा आला, "हॅलो! सार, नेटवर्क इल्ला!"

काकांनी सगळा जोर लावून सांगितलं, "नेटवर्क आहे रे. टॉवर म्हातारा झालाय!"

*

या आजारात चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटतात. पुढं काहीतरी ओलांडायला ठेवलं की कधी कधी सुटतात. अण्णा एकदा इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात असेच थिजले. अक्कांनी पायातली चप्पल काढून त्यांच्यापुढं आडवी ठेवली. अण्णांनी पाय उचलला, चप्पल ओलांडली. दोन पावलांवर पुन्हा थिजले. पुन्हा चप्पल!

एक रिक्षावाला बराच वेळ बघत होता. त्यानं आदरानं विचारलं, "अक्का, दृष्टी तेगीतीरा?" म्हणजे, नजर उतरवताय का?

"होय बाबा," अक्का म्हणाल्या. "फार लोक बघायलेत ह्यांना!"

*

मंडळींना एकदा ते प्रोटीन प्रत्यक्ष बघायचं होतं, म्हणून मी त्यांना लॅबमध्ये नेलं. आमचे सर एरवी मोजकंच बोलतात, पण त्या दिवशी रंगात आले. एका नळीत नुसतं चांगलं प्रोटीन होतं, पाण्यासारखं स्वच्छ. दुसरीत त्यांनी आधीच बिघडलेल्या प्रोटीनचा थेंब टाकून ठेवला होता. ती गढूळ झालेली.

"बघा!" सर नळी उजेडात धरून म्हणाले. "काय सुंदर वाढलंय!"

समोर उभ्या असलेल्यांत कुणाच्या स्वतःच्या, कुणाच्या घरच्या माणसाच्या डोक्यात तेच वाढत होतं. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

अण्णांनी थरथरत्या हातानं ती नळी मागून घेतली, निरखून बघितली आणि परत दिली. "वाढू द्या सार. तुमच्याकडं वाढलं तरच तुम्हाला मोडायला शिकता येईल."

*

अण्णा गेल्या वर्षी न्यूमोनियानं गेले. मेंदू संशोधनाला द्यायचा, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मुलगी नको म्हणत होती. अक्का एवढंच म्हणाल्या, "ते बोललेत." आणि दिला.

काही महिन्यांनी अक्का लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, "मायक्रोस्कोपात मला एकदा दाखवा."

सरांनी स्लाइड लावली. "अक्का, ही अण्णांचीच असेल असं नाही हं. आमच्याकडं नावं येत नाहीत."

"असू दे. कुणाच्या तरी घरचं माणूस आहे की."

त्यांनी डोळा लावला. सर सांगत होते, "ते गोल गोल डाग दिसतात ना, तेच अल्फा-सिन्युक्लीन."

"ते दिसलं. त्याला मी इतकी वर्षं बघतेच आहे. त्याच्याशिवायचं दाखवा."

सरांनी स्लाइड थोडी सरकवली. डाग नसलेल्या, धड राहिलेल्या पेशींचा एक कोपरा आला. "हे बघा. इथं काही बिघडलेलं नाही."

अक्का बघत राहिल्या. आम्ही दोघं उभे. मग डोळा न काढताच त्या म्हणाल्या, "सार, लाइट स्वल्प कमी करा. ह्यांच्या डोळ्यांवर येतोय."

सरांनी लाइट कमी केला.