पाइपाचं खालचं टोक

त्या दुपारी मी दवाखान्यातून घरी आले होते ती फक्त यांचा धुतलेला सदरा न्यायला. कुलूप उघडते न उघडते तोच दिराचा फोन आला, "वहिनी, सदरा राहू द्या… तुम्ही या फक्त." मी सदरा घेऊनच गेले. शेवटी तोच यांच्या अंगात घातला.

आर्वीत यांना सगळे विज्ञानाचे सर म्हणून ओळखत. तळेगावच्या शाळेत नोकरी, रोज एसटीनं जाणं-येणं, आणि डोक्यात बारा महिने एकच विषय, दाब. कुकरची शिट्टी झाली की दाब, सायकल पंक्चर झाली की दाब. विळीवर कांदा चिरताना मी वैतागले तर म्हणायचे, "धार गेली म्हंजे जोर पसरला. जोर तेवढाच, जागा जास्त." मी म्हणायची, "अजी, मग धार लावून आणा ना! भाषण काऊन देता?" मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा तर यांनी कहरच केला. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर तिच्या बायोडाटाचा कागद ठेवला आणि पेला उलटा धरला. हवा खालून कागद दाबून धरते, पाणी पडत नाही, हे समजावलं. पडलंही नाही. पण होणाऱ्या व्याह्यांनी खुशीत यांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळं पाणी त्यांच्याच पँटीवर! तरी सोयरीक जुळली, नशीब माझं.

दाबाचा खरा सण मात्र उन्हाळ्यात. गच्चीवर पाण्याचा ड्रम, खाली खिडकीत कूलर. साऱ्या गल्लीनं कूलर भरायला विजेचे टिल्लू पंप घेतले, हे घेतील तर शपथ. "डोक्यावर एवढी हवा बसून आहे, तिले काम करू दे ना!" मग हे गच्चीवर, मी खाली. पाइप पाण्यानं भरायचा, वरच्या टोकावर यांचा अंगठा, खालच्या टोकावर माझा. हे आपलं टोक ड्रममध्ये बुडवणार आणि वरून ओरडणार, "सोड!" मी अंगठा काढला की पाणी धो धो कूलरमध्ये. तिकडे भाजी करपायची, इकडे साडी भिजायची, आणि माझं तोंड चालूच. पण "सोड" ऐकल्याशिवाय माझा अंगठा कधी सुटला नाही, हे छातीठोक सांगते.

मागच्या उन्हाळ्यात यांची फुफ्फुसं थकली. दोन पायऱ्या चढले की धाप. घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आलं, तर भेटायला येणाऱ्यांना हे त्याच्यावरचा दाबाचा काटा समजावून सांगू लागले… नाकात नळी, आणि शिकवणं सुरूच. एका सकाळी मला म्हणाले, "वर जाय. अख्खा पाइप ड्रमात बुडव, हळूहळू. भरला की एका टोकावर अंगठा दाबून धर अन् तेवढंच टोक खाली घेऊन ये. एकटीले जमते."

मी बघतच राहिले. "एकटीले जमते? मंग इतके वर्षं मले उन्हात काऊन उभं केलं?"

हसले. धाप आवरत म्हणाले, "तू खाली उभी राहे, बडबड करे… मले बरं वाटे."

राग आला मला, आणि रडूही. ही एकटीची रीत आता कशासाठी शिकवताहेत, ते काय मला कळत नव्हतं? "मले नाई शिकायचं," म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले. तो सगळा उन्हाळा दिरानं बादल्यांनी कूलर भरला. यांनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा ऊन तापलं तशा कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. "आई, पंप पाठवते," मुलगी म्हणाली. नको म्हटलं. परवा सकाळी गच्चीवर गेले आणि अख्खा पाइप ड्रममध्ये बुडवला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, मग थांबले. टोकावर अंगठा दाबून बाहेरच्या जिन्यानं खाली आले, कूलरपाशी उभी राहिले. सगळं यांनी सांगितलं तसंच झालं होतं. अंगठ्याला पाणी रेटत होतं. फक्त तो काढायचा होता…

किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "काय वं बाई, उन्हात काऊन उभी आहेस?"

"थांब वं," माझ्या तोंडून निघालं, "वरून आवाज नाई आला अजून."