देवीपुढे बोललेला भाव

सक्कर चौक मागे पडला आणि बायडाबाई थांबल्या. तळपायात खडा रुतला होता. माझ्या खांद्याला धरून त्यांनी तो उपटून काढला, रस्त्याच्या कडेला टाकला आणि म्हणाल्या, "ह्यो एक निघाला बघा, ताई."

"अजून कुठला आहे?"

"हाय. चला तुमी."

नवरात्रात एक दिवस पहाटे उठून सावेडीहून केडगावच्या देवीला अनवाणी जायचं, हा आम्हा दोघींचा नेम. त्या माझ्याकडे धुण्याभांड्याला आल्या तेव्हापासूनचा. वाटेत सहसा मी ऐकत असते आणि त्या बोलत असतात. त्या दिवशी मात्र माळीवाड्यापासून त्यांच्या तोंडून शब्द नव्हता, आणि का नव्हता ते मला ठाऊक होतं. दसऱ्यानंतर त्यांचा धंदा राहणार की जाणार, हे त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

धंदा साफसफाईचा. त्यांची सून दीपा नागापूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे झाडलोटीला होती. फरशी घासायचं मशीन चालवायला, पाण्याची टाकी धुवायला ती तिथंच शिकली. एक दिवस सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमाला घरं ठावं हायेत, मला मशीन. दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबायचं?" तिनं काम सोडलं, बायडाबाईंनी आमच्या इमारतीतली सगळी धुणीभांडी सोडली. माझंही सोडलं. आता ती सगळी कामं दुसऱ्या बायकांनी धरली आहेत आणि ठेकेदारानंही दीपाची जागा भरली आहे.

आमच्याकडे घटापूर्वी दसरा काढतात. म्हणजे माळ्यावरच्या डब्यांपासून गोधड्यांपर्यंत सगळं खाली आणून धुवायचं, घरातली जाळीजळमटं काढायची. कामाला तोटा नसतो. पण गेल्या वर्षी दीपा त्याच दिवसांत धंदा सुरू करायची घाई करायला लागली तेव्हा बायडाबाईंनी ऐकलं नाही. "पितरांच्या पंधरवड्यात नवं काम धरत्यात व्हय?" खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्याच दिवशी नारळ फोडायचा ठरला.

दीपानं भाव विचार करून ठरवले होते. खोल्यांचे वेगळे, माळ्यांचे वेगळे, स्वयंपाकघरातल्या चिमणीचे वेगळे. त्यात रिक्षा धरली होती, साबण धरला होता, मदतीला घ्यायच्या बायकांची हजेरी धरली होती. खंडेनवमीला घटासमोर मशीन, बादल्या, खराटे मांडून त्यांना झेंडू वाहिले होते. मी गेले होते, आमच्या इमारतीच्या चेअरमनबाई पंकजावहिनीही आल्या होत्या. नारळ फुटला आणि बायडाबाई माझ्याकडे वळल्या.

"पयलं घर तुमचं, विजयाताई. बोला."

बायडाबाईंच्या सासूबाई पाथर्डीच्या बाजारात भाजी विकायच्या. पहिल्या गिऱ्हाइकाला आपण भाव सांगायचा नाही, ते देईल ते कपाळाला लावायचं, हे त्यांच्या घरात तेव्हापासून चालत आलेलं. दर दसऱ्याला त्यांच्या हातावर मी जे ठेवायचे तेच मी बोलले. दीपाच्या भावाच्या मानानं ते किती कमी आहे, हे मला कुठं माहीत? बायडाबाईंचे डोळे भरून आले. घटाकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यांच्या दाराला ह्योच भाव. मी हाय तवर."

दीपा कुंकवाची कोयरी धरून उभी होती, ती तशीच राहिली.

"मग आम्ही काय परक्या का गं?" पंकजावहिनी हसून म्हणाल्या.

"न्हाई वो वैनी, तुमी बी घरच्याच की."

झालं ते एवढंच.

दिवाळीला सगळी इमारत घरची झाली. मग पंकजावहिनींनी आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं जावेला. तारकपूर म्हणा, गुलमोहर रोड म्हणा, बायडाबाई मशीन घेऊन पोचायच्या आधी भाव तिथं पोचलेला असायचा. कामाला नाही म्हणवत नव्हतं आणि जेवढं काम वाढत होतं तेवढं हातात कमी राहत होतं. दीपानं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचे भाव टाकले, तर खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. "विजयाताईंना जो रेट तोच आम्हाला." कुणी लिहिलं, "आमच्या बायडाबाई असं करणार नाहीत हो." वर जुन्या साड्या आणि फराळाचे पुडे मात्र सगळ्यांकडून मिळत होते.

यंदा दसरा काढायच्या दिवसांत दोघींना जेवायला सवड नव्हती. घट बसले त्या दिवशी दीपा म्हणाली, "आत्याबाई, दसऱ्यापर्यंत बघते. मंग मला कुठं बी काम दिलं तरी चालंल, मी परत नागापूरला जाते."

मी काही केलं नाही असं नाही. उन्हाळ्यात टाकी धुतली तेव्हा मी दीपाच्या भावानं पैसे द्यायला गेले, तर बायडाबाईंनी तापल्या तव्याला लागल्यासारखा हात मागं घेतला. "आहो, मी तुम्हाला शब्दातनं मोकळं करते," मी म्हणाले.

"तुमी कशा करताल? शब्द तुमाला दिला न्हाई. घटाम्होरं दिलाय."

मी जुन्या भावाचे पैसे मोजून दिले. मी रोज देवासमोर दिवा लावणारी. अशा शब्दाला मी हलका म्हणू शकत नव्हते.

रेल्वेचा पूल चढताना उजाडायला लागलं. आमच्यासारख्याच देवीला निघालेल्या बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. बायडाबाई कठड्याला टेकल्या.

"ताई, म्या काय बोलले हुते? ह्यांच्या दाराला ह्योच भाव. मंग म्या तुमच्या दारात आलेच न्हाई तर?"

"तर काय?"

"तर शब्द मोडत न्हाई. तुमी दुसरी बाई लावा."

मी त्यांच्याशेजारी टेकले. म्हणाले, "लावते. एवढंच ना? एवढ्यासाठी सकाळपासून तोंडाला कुलूप?"

"येवढ्यानं भागत न्हाई. 'बायडाबाईला वेळ न्हाई' म्हनून वैनी सोडून देतील, भाव तिथंच ऱ्हाईल." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुमी सांगा, आमचं भांडान झालं. बायडाबाईच्या डोक्यात धंदा गेला, मला बी जास्तीचं मागाय लागली, म्या हाकललं. ताईची गत ही, तर आपली काय, आसं त्यांना वाटू द्या. मंग म्या कुनाच्या बी दारात दीपाचा भाव सांगू शकते."

"देवीच्या वाटेवर मला खोटं बोलायला सांगताय?"

"व्हय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली रुळांवरून मालगाडी चालली होती. "माझा शब्द ऱ्हाऊ द्यायचा तर कुनीतरी खोटं बोलाया पायजे. म्या बोलले तर कोन इस्वास ठेवतंय? तुमी बोलला तर समदी ठेवतील."

"आणि केडगाव? पुढच्या वर्षी?"

"येऊ की. म्या म्होरं चालन, तुमी मागनं या. पन वैनी न्हाईतर इमारतीतलं कुनी दिसलं, तर मला हाक मारू नका. वळख दावू नका. येवढं करा माझ्यासाठी, ताई."