साफ केलेला दम

मंडळी, वडवणीतल्या माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत सकाळी कव्वाल सलीमभाई जागा बघायला आले. माईक, भाडं काही विचारलं नाही. एसी बंद करून नुसते बसले.

"भाईजान हितंच गायलते ना?"

म्हणजे गेल्या साली वारलेले त्यांचे थोरले भाऊ. मी ऐटीत त्यांच्या रेकॉर्डिंगची फाईल लावली.

सलीमभाई अस्वस्थ झाले. "सुरू करायच्या आधी भाईजान लांब दम घ्यायचे. त्या दमावर आमी टाळी धरायचो. तो कुठं हाय?"

"खरखर समजून साफ केला. मूळ फाईलही पुसली."

"नवी कव्वाली भाईजानच्या त्या दमावरच उचलायची होती, म्हणून लांबून आलतो," एवढं बोलून ते गेले.

तेव्हापासून मी रेकॉर्ड केलेली जुनी गाणी ऐकतोय. प्रत्येकाच्या आधी मीच कापलेली जागा ऐकू येते. तुमच्याकडं कुणाचा असा दम शिल्लक आहे का?