रेंजला दोष देऊन मोकळा झालो

मित्रांनो, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितोय.

मी जळगावात बसून एका कापूस व्यापाऱ्याची क्लाउडवरची सिस्टीम सांभाळतो. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या खरेदी केंद्रावर एक अक्का आहेत. आलेल्या प्रत्येक गाडीतल्या कापसाचा फोटो त्या मोबाइलवरून अपलोड करतात. त्याशिवाय गाडी रिकामी होत नाही.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, फोटो जाई नही राहिना."

स्टोरेज किती उरलंय हे तपासणारा प्रोग्राम मीच लिहिलाय. त्यात सगळं हिरवं होतं. मी तोऱ्यात म्हणालो, "अक्का, सिस्टीम ठीक आहे. तुमच्याकडेच रेंज नसेल. गच्चीवर जाऊन बघा."

त्या भर उन्हात पुन्हा पुन्हा गच्चीवर गेल्या. खाली गाड्या खोळंबल्या आणि शेतकऱ्यांची बोलणीही त्यांनीच खाल्ली.

दुपारी कोड उघडला, तर काय! गाड्यांच्या नोंदींची जागा वेगळी असते, फोटोंसारख्या फाइलींची वेगळी. माझा प्रोग्राम फक्त नोंदींची मर्यादा बघत होता. फोटोंची जागा केव्हाच भरली होती. मी गुपचूप जुने फोटो दुसरीकडे हलवले.

लगेच अक्कांचा फोन, सगळे फोटो गेल्याचं सांगायला. "भाऊ, आते बठ्ठा फोटो गयात! तुमनं खरं व्हतं, गच्चीवर रेंज चांगली शे."

मी "हो अक्का" म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढच्या वेळी फोटो अडला, की त्या आधी गच्चीवरच चढतील. तुम्हा सगळ्यांना हे सांगता आलं, मग त्यांनाच का नाही सांगता आलं?